वस्तू उलटी करून बघा

भेटवस्तू आणि घरसामानाच्या दुकानासाठी माल निवडायचा, हे माझं काम. उमेदीची सगळी वर्षं त्यातच गेली. तेव्हा या विषयावरची पत्रं संपादकांनी सरळ माझ्याकडे ढकलली. बहुतेकांना आपल्या वस्तीतल्या छोट्या दुकानांबद्दल विचारायचंय. काही पत्रं फारच लांब होती, ती मी कापली आहेत. रागावू नका.

प्रश्न : ताई, नोकरीनिमित्त नव्या शहरात आलोय. घराच्या आसपासच्या गल्ल्यांत भेटवस्तूंची, घर सजवायच्या सामानाची बरीच दुकानं आहेत. आत शिरलो की सगळंच छान दिसतं आणि काहीच कळत नाही. शेवटी एखादा मग नाहीतर फोटोफ्रेम घेऊन बाहेर पडतो. दुकान चांगलं आहे हे ओळखायचं कसं, आणि आत गेल्यावर बघायचं काय?

सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी जाऊ नकोस, हे पहिलं. तेव्हा दुकानदाराला मान वर करायला फुरसत नसते, आणि तुझं अर्धं लक्ष आपल्या पिशवीचा धक्का लागून काही पडणार तर नाही ना, याकडे. आठवड्याच्या मधल्या एखाद्या दिवशी, गिऱ्हाईक कमी असतं तेव्हा जा. आणि काही घ्यायचं नाही असं ठरवूनच जा. घ्यायचं डोक्यात असलं की माणूस पहिल्या बऱ्या दिसणाऱ्या वस्तूवर थांबतो.

दाराशी मांडलेल्या टेबलापाशी रेंगाळू नकोस. तिथे हंगामी माल असतो, लवकर निघावा म्हणून पुढे काढलेला. दुकानदाराची स्वतःची आवड बघायची तर आतल्या भिंतीपाशी जा, खालच्या फळ्या बघ, गल्ल्यामागचं कपाट बघ. पटकन न खपणारी पण मला मनापासून आवडलेली वस्तू मी कायम तिथेच लावायची. मालकाची नजर चुकवून, हेही खरं. काचेतली, रस्त्याकडे तोंड केलेली वस्तू आवडली तर तीच घेऊ नकोस, आतून दुसरी काढून माग. उन्हाने कापड, कागद, रंगीत मेण, लाकूड, सगळ्याचा रंग उडतो आणि तोही एकाच बाजूने. दुकानातल्या दिव्याखाली ते कळत नाही, घरी खिडकीपाशी ठेवलं की कळतं.

तीन दुकानं फिरलास आणि तिन्हीत तेच लाकडी घुबड, तीच सुविचाराची पाटी दिसली, तर समज की तिघांचा ठोक व्यापारी एकच आहे. त्यात गैर काही नाही, दुकान चालवायला असा माल लागतोच. पण मग तिघांचे भाव बघ आणि पुढे हो. तुला थांबायचंय ते दुसरीकडे न दिसलेल्या वस्तूपाशी. तिथे सरळ विचार, ‘हे कुठून आणता?’ ‘इम्पोर्टेड आहे’ एवढंच उत्तर आलं तर त्यालाही ठाऊक नाही. पण ‘हे एक बाई करतात, त्यांच्याकडे भट्टी छोटी आहे, म्हणून एका वेळी थोडेच मिळतात, मागच्या खेपेला निळा जरा गडद आला होता’ असं काही ऐकू आलं, तर दुकान बरं आहे. हे बोलणं पाठ करून येत नाही.

आता तुझा मग. घ्यायचाच तर नीट बघून घे. पहिल्यांदा उलटा कर. ज्या कडेवर मग टेकतो तिथे बहुधा चकाकी नसते, कारण तिथे ग्लेझ, म्हणजे काचेसारखा चकचकीत लेप, लावलं तर भट्टीत ते वितळून खालच्या फळीला चिकटेल. त्या उघड्या कडेवर मातीचा खरा रंग दिसतो. दुकानदाराला विचारून तिथे बोटाने पाण्याचा थेंब लाव. थेंब आत जिरला आणि जागा काळपट झाली तर ती सच्छिद्र माती, साधारण 1000 ते 1150 अंश सेल्सिअसला भाजलेली. थेंब तसाच उभा राहिला तर स्टोनवेअर, 1200 ते 1300 अंशांवरचं. एवढ्या उष्णतेत मातीचा काही भाग वितळून काच होतो आणि छिद्रं भरून निघतात. रोजच्या वापराला, धुण्या-आपटण्याला हेच टिकतं. सच्छिद्र मातीचा मग वाईट नसतो. मात्र कुठे टवका उडाला तर तिथून पाणी पीत राहतो.

मग टिचकी मार. एकाच जातीचे दोन मग घेऊन मारलीस तर जास्त कळेल, कारण स्टोनवेअर वाजतं तशी साधी माती कधीच वाजत नाही. दोन सारख्या मगांपैकी एक खणखणीत वाजला आणि दुसरा बद्द, तर दुसऱ्यात तडा आहे, दिसो वा न दिसो. कानाच्या आतून बोट फिरव. जोड खरखरीत लागला तर रोज तिथेच टोचणार. सपाट फळीवर ठेवून डुगडुगतो का बघ. बुडाची कड तळहातावर घास, ओरखडा वाटला तर तुझ्या टेबलावरही उठेल. एवढं करायला दोन मिनिटंसुद्धा लागत नाहीत. आणि तू वस्तू अशी हाताळतोयस हे बघून चांगला दुकानदार आपणहून बोलायला येतो.

एक धोक्याचं सांगते. भडक लाल-केशरी-पिवळ्या ग्लेझचं, कुणी केलं ते माहीत नसलेलं भांडं खाण्यापिण्याला वापरू नकोस. काही ग्लेझमध्ये शिसं असतं आणि आंबट पदार्थ त्यात राहिला तर ते उतरतं. बुडाला ‘फक्त सजावटीसाठी’ अशी चिकटपट्टी असेल तर ती खरी मान. पेला आणि काटा-चमच्याचं छोटं चिन्ह असेल तर वस्तू अन्नासाठी बनवली आहे असं उत्पादक सांगतोय.

प्रश्न : एका दुकानातून ‘शुद्ध पितळेची’ म्हणून फुलदाणी घेतली. वर्षाच्या आत तळाशी तांबूस भुकटी दिसायला लागली. दुकानदार म्हणतो, पितळ असंच होतं, घासा. खरं काय?

पितळ असं होत नाही. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. ते काळवंडतं, ओल लागली तर हिरवट होतं, पण तांबूस भुकटी हा लोखंडाचा गंज. तुमच्या फुलदाणीत लोखंडी पत्रा आहे आणि वरून पितळेचा मुलामा. फ्रिजवर चिकटवायचा चुंबक घ्या आणि लावून बघा. चिकटला तर विषय संपला. फुलदाणी आणि बिल घेऊन जा, आणि त्याच्यादेखत चुंबक लावा. भांडू नका, नुसता लावा.

बाकीच्यांसाठी सांगते, चुंबक चिकटला नाही म्हणून लगेच नाचू नका. जस्ताच्या मिश्रधातूवरही मुलामा देतात आणि त्याला चुंबक चिकटत नाही. मग वस्तूच्या आत बघायचं, तळाच्या पोकळीत, जिथे मुलामा नीट पोचत नाही. कडा आणि कोपरे बघायचे, मुलामा पहिल्यांदा तिथेच झिजतो आणि खालचा पांढरा-करडा रंग डोकावतो. एखादी वस्तू दुकानात कितीही दिवस ठेवली तरी झळझळीत, असं असेल तर तिच्यावर लॅकर आहे, म्हणजे पारदर्शक लेप. ती ओल्या फडक्याने पुसायची, घासायची नाही. घासलीत की लेप जागोजागी निघतो, निघाला तिथेच हवा लागून काळं पडतं आणि वस्तू कोड फुटल्यासारखी दिसते. अशी बिघडवलेली भांडी लोक दुकानात परत आणायचे आणि आम्हालाच सुनवायचे.

याच ओघात जर्मन सिल्व्हरबद्दलही सांगून टाकते, कारण दोन पत्रं त्यावर आहेत. त्यात चांदी नसते. तांबं, निकेल आणि जस्त. दिसायला छान, भेट द्यायला काही हरकत नाही, पण चांदीच्या जवळपासचा भाव सांगत असतील तर बाहेर पडा. स्टर्लिंग चांदीत 92.5 टक्के चांदी असते आणि त्यावर 925 असा छाप असतो.

प्रश्न : मावशी, मी कॉलेजात आहे. छोट्या दुकानात भाव करायचा असतो की नाही? आई बिनधास्त करते, मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

आईला हसू नकोस. जगात बहुतेक ठिकाणी, बहुतेक काळ, खरेदी आईसारखीच होत आली आहे. वस्तूवर भाव लिहायचा आणि सगळ्यांना तोच लावायचा, ही पद्धत त्या मानाने नवी. इंग्लंडमधले क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे दुकानदार एकच भाव सांगत, कारण माणूस बघून भाव बदलणं त्यांना खोटेपणा वाटे. पुढे पॅरिसमध्ये बाँ मार्शे या दुकानात आरिस्तीद बुसिको 1852 साली भागीदार झाला. वस्तूवर किंमत लिहिलेली आणि पसंत न पडल्यास माल परत, असा धंदा त्याने इतका वाढवला की जगभरच्या मोठ्या दुकानांनी तो उचलला. त्यामुळे चिठ्ठी लावलेली असेल तर ‘अर्ध्यात द्या’ म्हणू नये. चिठ्ठीच नसेल तर विचारायला मोकळी आहेस.

आता आतली गोष्ट. या धंद्यात साधारण ठोक भावाच्या दुप्पट किंमत लावतात. ऐकायला फार वाटतं. त्यातून भाडं जातं, नोकर जातात, फुटतूट जाते (चिनी मातीच्या मालात ती असतेच), न खपलेला माल जातो, वर तुला फुकट बांधून दिलेला कागद आणि फीतही जाते. काही वस्तू दुकानाने विकत घेतलेल्याच नसतात. कारागीर ठेवून जातो, विकली गेली की पैसे वाटून घेतात. पुष्कळ ठिकाणी कारागिराला साठ आणि दुकानाला चाळीस टक्के अशी वाटणी असते. अशा वस्तूवर सूट मागितलीस तर दुकानदाराला कारागिराला विचारावं लागतं, आणि तो बहुधा नाहीच म्हणतो. हे त्याच्या तोंडावर दिसतं, ताणू नकोस.

पण मागायच्या जागा असतात. मांडणीतला, हजार हात लागलेला नग. कुठे बारीक टवका असलेला. हंगाम उलटून गेलेला माल. एकाच वस्तूचे सहा-आठ नग घेतेस तेव्हा. ‘या रंगातला हा शेवटचाच आहे ना? मग बघा की थोडं,’ एवढं म्हण आणि गप्प बस. गप्प बसणं महत्त्वाचं, तिथेच लोक चुकतात. पैशात जमलं नाही तर दुसरं काही माग. बांधून द्या, घरपोच पाठवा, बदलून द्यायची मुदत वाढवा. पैसे कमी करताना दुकानदाराचा हात जड होतो, या गोष्टींना तो सहसा नाही म्हणत नाही.

प्रश्न : मी दुकानात जाऊन वस्तू हाताळून बघतो, फोटो काढतो आणि घरी येऊन फोनवरून स्वस्तात मागवतो. बायको म्हणते हे बरं नव्हे. तुम्ही निवाडा करा.

वहिनी बरोबर आहेत.

तरी थोडं तुमच्या बाजूने बोलते. स्टीलचा डबा, बल्ब, ठरलेल्या मापाची उशी, खोक्यावर नंबर छापलेली वस्तू, ही जिथे स्वस्त तिथे घ्या. मीही घेते. पण हाताने केलेल्या, नगागणिक वेगळ्या वस्तूचा फोटो काढून तसलीच शोधलीत तर तसलीच मिळेल, ती मिळणार नाही. वजन, कड, रंगाचा खोलपणा फोटोत येत नाही. आणि फोटो काढायचाच असेल तर विचारून काढा. कारागिराची नक्षी अशीच दुकानातून उचलली जाते आणि काही दिवसांनी छापील होऊन दुसरीकडे लटकते. मी निवडलेल्या मालाचं असं झालेलं पाहिलंय, म्हणून जरा तिखट लिहिलं.

प्रश्न : हल्ली प्रत्येक दुकानात प्रत्येक वस्तूवर ‘हँडमेड’ लिहिलेलं असतं. खरं-खोटं ओळखता येतं का? आणि ‘फेअर ट्रेड’ म्हणजे नेमकं काय?

पत्रांतला मला सगळ्यात आवडलेला प्रश्न. म्हणून उत्तर लांबेल.

आधी एक गैरसमज काढू. बारकोडचे पहिले आकडे बघून लोक माल कुठल्या देशात झाला ते सांगतात. 690 ते 699 म्हणजे चीन, 890 म्हणजे भारत, असं. त्या आकड्यांवरून एवढंच कळतं की कंपनीने आपला नंबर कुठल्या देशाच्या संस्थेकडून घेतला. माल तिने कुठेही बनवून घेतलेला असू शकतो. तेव्हा बारकोड सोडा, वस्तूकडे या.

काचेपासून सुरुवात करू. फुंकून केलेला पेला उलटा केलात तर तळाच्या मधोमध एक वण दिसतो. काच फुगवून झाली की तळाला दांडा चिकटवून तोंडाचं काम करतात, नंतर दांडा तोडतात, त्याची ही खूण. चांगले कारागीर ती घासून गुळगुळीत करतात, तरी बोटाला खळगा जाणवतो. साच्यातल्या काचेला बाजूने उभी रेघ असते, साच्याच्या दोन फाळक्यांची. उजेडाकडे धरून पेला सावकाश फिरवा, रेघ सापडते. बारीक बुडबुड्यांवर जाऊ नका. ते आता मुद्दाम घालतात.

कापड. ठशाने छापलेली चादर किंवा टेबलक्लॉथ असेल तर ठसा संपून पुन्हा सुरू होतो ती जागा शोधा. कुठे तरी केसभर चुकलेलं असतं, रंग कुठे दाट बसलेला तर कुठे फिका. यंत्राच्या छपाईत हीच चूक ठरावीक अंतराने जशीच्या तशी परत येते, हुबेहूब. नंतर कापड उलटं करा. हाताच्या छपाईत रंग पुष्कळदा पाठीपर्यंत उतरलेला असतो. वरवरच्या छपाईची पाठ पांढरीफटक असते. पांढरा रुमाल ओला करून कोपऱ्यावर चोळा. रंग लागला तर ती चादर निदान पहिल्यांदा वेगळी धुवावी लागणार. चादरीच्या पाकिटावर हजार थ्रेड काउंट लिहिलेला दिसला तर भुलू नका. एका चौरस इंचात इतके सुटे धागे बसवणं अवघड, म्हणून एका पिळातले बारीक धागे वेगवेगळे मोजून आकडा फुगवतात. दोन-तीनशे थ्रेड काउंटची, चांगल्या सुताची चादर अंगाला जास्त बरी लागते.

लाकूड. वस्तूची कड बघा. वरच्या पृष्ठभागावरची रेषा कडेवरून खाली उतरत असेल, किंवा तिथे लाकडाचा आडवा काप दिसत असेल, तर आतून बाहेरून लाकूडच आहे. रेषा कडेपाशी अचानक संपली आणि बाजूला दुसराच कागदी नमुना सुरू झाला, तर आत दाबलेला भुसा आणि वर पातळ पापुद्रा. पायाखालचं छोटं रबर उचकटून बघितलंत तरी कळतं, पण ते दुकानदारादेखत करू नका.

आणि हे सगळं तपासून वस्तू हाताने केलेली निघाली, तरी ती चांगली आहे एवढ्यावरून म्हणता येत नाही. हाताने केलेला, न टेकणारा, धार नसलेला, गळका चंबूही असतो. जपानमध्ये यानागी सोएत्सु नावाचा विचारवंत होऊन गेला. 1920च्या दशकात त्याने आणि त्याच्या कुंभार मित्रांनी ‘मिंगेई’ ही चळवळ उभी केली, आणि 1936 साली तोक्योत त्यासाठी संग्रहालय काढलं. ज्यांची नावं कुणाला ठाऊक नाहीत अशा कारागिरांनी रोजच्या वापरासाठी घडवलेल्या वाट्या, बरण्या, टोपल्या तिथे ठेवल्या. वापरायला सोयीची, पुष्कळ संख्येने केलेली, स्वस्त वस्तू हीच त्याला सुंदर वाटे. कारागिराची सही आणि त्याच्या हसऱ्या फोटोचं कार्ड बघून भाव दुप्पट मोजणाऱ्यांना हे सांगावंसं वाटतं.

फेअर ट्रेडचं मूळ मात्र खरंच एका बाईच्या पिशवीत आहे. अमेरिकेतल्या एडना रूथ बायलर 1946 साली प्वेर्तो रिकोला गेल्या होत्या. तिथल्या बायकांचं भरतकाम सुरेख होतं आणि बाजार नव्हता. बायलरबाईंनी ते आपल्याबरोबर नेलं आणि ओळखीपाळखीत विकायला सुरुवात केली. त्यातूनच पुढे ‘टेन थाउजंड व्हिलेजेस’ ही दुकानं उभी राहिली. तत्त्व साधं आहे. कारागिराला परवडेल असा भाव त्याच्याशी बोलून ठरवायचा, शक्य तर काही पैसे आगाऊ द्यायचे, आणि एकदा माल घेऊन पाठ फिरवायची नाही. दुकानात ‘फेअर ट्रेड’ची चिठ्ठी दिसली तर दोन प्रश्न विचारा : कुठल्या संस्थेचं प्रमाणपत्र, आणि या गटाकडून किती काळ माल घेताय? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला जास्त महत्त्वाचं वाटतं. प्रमाणपत्राला पैसे पडतात, पुष्कळ छोट्या गटांना ते झेपत नाहीत.

प्रश्न : मैत्रिणीने नवं घर घेतलंय. तिच्याकडे सगळं आहे. बघताक्षणी ‘अय्या!’ म्हणेल असं काहीतरी द्यायचंय. सुचवा.

तो ‘अय्या’ डोक्यातून काढ. देणाऱ्याचं लक्ष पाकीट उघडण्याच्या क्षणावर असतं आणि घेणाऱ्याचं त्यानंतरच्या वापरावर. भेटी चुकतात त्या यामुळे. जेफ गालाक हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2016 साली हेच मांडलं. त्याआधी 1993 साली जोएल वॉल्डफोगेल या अर्थशास्त्रज्ञाने विद्यार्थ्यांना विचारलं होतं, मिळालेल्या भेटीसाठी तुम्ही स्वतः किती मोजले असते? देणाऱ्याने मोजलेल्या पैशांच्या दहा टक्क्यांपासून एक तृतीयांशापर्यंत किंमत हवेत विरलेली निघाली.

तेव्हा तिच्या घरी गेलीस की बघ, काय रोज हातात येतं आणि काय जुनं झालंय. विळी-चाकूसाठी जाड लाकडी पाट. हात पुसायचे दोन दाट टॉवेल (पाचशेच्या आसपास जीएसएम बघ, म्हणजे एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन; फार जड घेतलास तर वाळत नाही). दाराशी किल्ल्या टाकायला वाडगा. भिंतीवर लावायचं काही देऊ नकोस, भिंत तिची आहे. तीव्र वासाचंही नको. मूर्ती, पुतळे, मोठी घड्याळं देणारे हौशी लोक मी पुष्कळ पाहिलेत, आणि तीच घड्याळं बदलायला आलेले लोक त्याहून जास्त.

बोन चायना द्यायचं मनात असेल तर एक विचारून घे. त्यात जनावरांच्या हाडांची राख असते, चांगल्या मालात तर जवळजवळ निम्मी. इंग्लंडमध्ये अठराव्या शतकाच्या अखेरीस स्पोडच्या कारखान्यात ही कृती बसली. उजेडाकडे धरलं की मागची बोटं सावलीसारखी दिसतात, ही त्याची ओळख. कडक शाकाहारी माणसाला ते चालेलच असं नाही. तेव्हा पोर्सेलिन घे, तेही उजेडात छान दिसतं. आणि काहीही घेतलंस तरी बदलून मिळेल ना हे दुकानात विचार आणि बदलून घ्यायला लागणारी चिठ्ठी पाकिटात ठेव. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

प्रश्न : दुकानात शिरलं की नोकर पाठीपाठी फिरतो. चोर समजतात का?

कधीकधी, हो. बहुधा मात्र त्याला मालकाने सांगितलेलं असतं, ‘गिऱ्हाइकाला एकटं सोडू नको.’ आत शिरताच आपण बोला : ‘मी नुसतं बघतेय, लागलं तर हाक मारते.’ तरी नाही हलला तर त्यालाच कामाला लावा. वरच्या फळीवरचं काढायला सांगा, हेच दुसऱ्या रंगात आहे का विचारा. दोनदा गोदामात जाऊन आला की तिसऱ्यांदा तो लांबच उभा राहतो.

प्रश्न : माझ्या आवडत्या मगाच्या आत जाळीसारख्या बारीक रेषा आल्या आहेत. फेकू का?

ग्लेझ आणि खालची माती थंड होताना सारख्या आकसल्या नाहीत की ग्लेझ असं तडकतं. काही कुंभार हे मुद्दाम करतात. पण तुमच्या मगात ते नंतर आलंय, म्हणजे ओल आत शिरते आहे, चहाचे डाग त्यात बसतील आणि स्वच्छताही नीट होणार नाही. फेकू नका, पेनं ठेवा.

प्रश्न : महागाची सुगंधी मेणबत्ती भेट मिळाली. मधोमध खड्डा पडून वात बुडाली, कडेचं मेण तसंच. मेणबत्तीच वाईट का?

पहिल्यांदा लावली तेव्हा लवकर विझवली असणार. पहिल्या खेपेला वरचं मेण काचेच्या कडेपर्यंत वितळेस्तोवर जळू द्यायची. रुंद मेणबत्तीला त्याला दोन-तीन तासही लागतात. एकदा मधेच खड्डा पडला की पुढच्या वेळी ज्योत त्याच खड्ड्यात खाली जात राहते. आता असं करा : तोंडाभोवती अ‍ॅल्युमिनियमची फॉइल गुंडाळा, मध्ये ज्योतीपुरतं भोक ठेवा आणि समोर बसून जळू द्या. उष्णता अडकून कडेचं मेण उतरतं. फॉइल तापते, काढताना बोटं सांभाळा. विझून गार झाल्यावर वात पाच-सहा मिलिमीटर ठेवून कापा, म्हणजे काजळी धरणार नाही. दुकानात नवी घेताना वात मधोमध आहे का तेवढं बघा, आणि झाकण उघडून एकदाच हुंगा. पाच-सहा हुंगल्यावर नाकाला काही कळत नाही, आणि नेमकी सातवी आपण घेतो. तळाशी अर्धा इंच मेण उरलं की पेटवणं थांबवा, नाहीतर काच तापून तडकते.